जुन्या होडीची सागरपरीक्षा

काशीत पंचगंगा घाटाच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर रामघाट आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या ज्या घाटांच्या आसपास काशीतील मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्यांच्याच पंक्तीतला हा घाट. पावसाळ्यात गंगा फुगली म्हणजे येथल्या नावा बंद पडतात आणि पाणी ओसरले की दुरुस्तीसाठी काही नावा पायऱ्यांवर उपड्या घातलेल्या दिसतात. जुनी नाव विकत घेऊ पाहणारा जाणता मल्लाह तिच्या रंगाकडे फारसे लक्ष देत नाही. तो फळीवर बोटाच्या पेराने ठोकतो, शंका आली तर टोकदार खिळा टोचून पाहतो आणि दोन फळ्यांच्या सांध्यावरून अंगठा फिरवीत जातो. फळीच्या मध्यभागी त्याला क्वचितच काही सापडते. जे सापडते ते सांध्यात.

ही नाव गंगेवर चालवायची असल्यामुळे मल्लाहाची परीक्षा येथेच संपते. नाव उघडी आहे, तिचा तळ सपाट आहे, तिच्या बुडाशी वजन नाही, हे दोष तो मोजीत नाही, कारण गंगेवर ते दोष नव्हेतच. उथळ पाण्यात पायऱ्यांपर्यंत यावयाचे तर तळ सपाटच हवा. आणि पाणी शिरलेच तर काठ हाकेच्या अंतरावर असतो. तीच नाव अरबी समुद्रात नेली तर पहिल्या आडव्या लाटेला ती भरेल. तेव्हा होडी चांगली की वाईट हा प्रश्न अर्धवट आहे. ती कोणत्या पाण्यासाठी, किती दिवसांसाठी आणि किती माणसांसाठी, हे सांगितल्यावाचून तिची परीक्षा सुरूच होऊ शकत नाही. प्रस्तुत प्रकरणात आपल्याला मोठ्या पाण्याचा विचार करावयाचा आहे: तीस-पस्तीस फूट लांबीची, दुसऱ्याने वापरलेली शिडाची होडी महासागरात नेण्यास योग्य आहे किंवा नाही, हे कसे ठरवावे?

या प्रश्नाचे जगप्रसिद्ध उदाहरण मुंबईत जन्मले, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी ठाऊक नाही. १९६० नंतरच्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज अधिकारी मुंबईशी संबंध असलेल्या व्यापारी जहाजांवर नोकरीस होता. त्याने मुंबईच्या कुलाब्याच्या गोदीत स्वतःसाठी एक होडी बांधून घेतली. आराखडा विल्यम ऍटकिन या अमेरिकन आरेखकाचा. त्याचे मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने मच्छीमारांच्या बचावासाठी आखलेल्या नौकांत होते. होडी सागवानी, दोन डोलकाठ्यांची, सुमारे साडेबत्तीस फूट लांब आणि अकरा फूट रुंद. कण्याखाली सुमारे सव्वादोन टन लोखंडाचे वजन. मुंबईच्या सुतारांनी ती वाकसाने तासून आणि दोरीने फिरवावयाच्या सामत्याने भोके पाडून हातांनी उभी केली. पाण्यात सोडताना शँपेनच्या बाटलीऐवजी नारळ फोडला. आखातातील आग्नेय वाऱ्याला अरब खलाशी जे नाव देतात, तेच तिला ठेवले: ‘सुहैली’.

१९६५ च्या अखेरीस ती मुंबईहून निघाली आणि आफ्रिकेला वळसा घालून १९६७ मध्ये इंग्लंडला पोचली. पुढच्याच वर्षी कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर झाली. तोपर्यंत हे कोणीच केले नव्हते. नॉक्स-जॉन्स्टनला या कामासाठी सुहैली नको होती. त्याला त्रेपन्न फुटांची पोलादी नवी होडी हवी होती. तिच्यासाठी त्याने सुहैली विकावयासही काढली. पैसा उभा राहिला नाही, गिऱ्हाईक मिळाले नाही, आणि नाइलाजाने तो आपली जुनी, जड, संथ होडी घेऊनच १४ जून १९६८ रोजी फालमथहून निघाला. २२ एप्रिल १९६९ रोजी तो त्याच बंदरात परतला. नऊ स्पर्धकांपैकी शर्यत पुरी करणारा तो एकटाच.

उरलेल्यांपैकी काहींच्या होड्या त्याच्या होडीपेक्षा नव्या आणि पुष्कळच वेगवान होत्या. जॉन रिजवे आणि चे ब्लाइथ यांच्या तीस-तीस फुटी होड्या किनाऱ्याजवळच्या कौटुंबिक सहलींसाठी कारखान्यात तयार झालेल्या. त्या कामासाठी त्या उत्तम होत्या. रिजवेने ब्राझीलमध्ये आणि ब्लाइथने दक्षिण आफ्रिकेत माघार घेतली. नायजेल टेटलीची तीन कवचांची प्लायवुडची होडी जवळजवळ सारी प्रदक्षिणा पुरी करून मे १९६९ मध्ये अझोर्स बेटांजवळ फुटली व बुडाली. डोनल्ड क्रोहर्स्टची घाईघाईने बांधलेली नवी होडी जुलै १९६९ मध्ये समुद्रात निर्मनुष्य सापडली. तो पुन्हा दिसला नाही. बर्नार मोतेसिए याची पोलादी ‘जोशुआ’ मात्र सुस्थितीत होती. परंतु त्याने शर्यत आपण होऊन सोडून दिली आणि तो ताहितीकडे निघून गेला. सुहैली सर्वांत चांगली होती, असा निष्कर्ष यावरून काढू नये. तिच्यात दोष होते, आणि एक तर फारच गंभीर होता. त्या दोषाकडेच आता वळू.

अटलांटिकमध्ये केप व्हर्द बेटांच्या पलीकडे गेल्यावर नॉक्स-जॉन्स्टनच्या ध्यानात आले की पंप पूर्वीपेक्षा अधिक वेळा मारावा लागत आहे. वारा पडल्याबरोबर तो पाण्यात उतरला. होडीच्या तळाशी, कणा आणि त्याला लागून असलेली पहिली फळी यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंनी सुमारे आठ-आठ फूट लांबीची फट पडली होती. होडी डुलली की ती उघडे व मिटे. श्वास रोखून, एका वेळी थोडेसेच काम करीत त्याने फटीत कापूस ठासला, त्यावर डांबरलेली कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकली आणि अखेर तीवर तांब्याचा पत्रा बसवला. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला, तेव्हा वर येऊन त्याला बंदुकीने मारावे लागले. त्यानंतर होडीने दक्षिण महासागर पार केला.

येथे जुन्या होडीची परीक्षा करणाऱ्याने क्षणभर थांबून विचार करावा. सागवानाची फळी कोठेही कुजली नव्हती, कोठेही मोडली नव्हती. हार खाल्ली ती सांध्याने. कण्याखाली सव्वादोन टन लोखंड लोंबते आहे. वर डोलकाठी शिडांच्या जोराने होडीला आडवी लोटीत आहे. या दोन विरुद्ध ओढींचा सारा भार जेथे फळ्या कण्याला भेटतात तेथे येऊन पडतो. बंदरात बांधून ठेवलेल्या होडीत हा भार नसतो, म्हणून फटही दिसत नाही. विकणारा खोटे बोलत नसला तरी त्याच्या होडीचा तळ कोरडा असू शकतो.

लाकडी होडी तपासताना म्हणूनच प्रथम तळाची फळकुटे उचलावीत आणि कण्याच्या दोन्ही बाजूंनी, हातात दिवा घेऊन, नाळेपासून पिछाडीपर्यंत जावे. टोचणीने लाकूड टोचून पाहावे. चांगले लाकूड टोचणीला विरोध करते, कुजलेले तिला आत घेते. समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्याने लाकूड अधिक कुजते, ही गोष्ट नवख्यांना विपरीत वाटते. परंतु खारे पाणी कुजवणाऱ्या बुरशीला मानवत नाही, गोडे पाणी मानवते. तेव्हा कुज शोधायची ती डेकखालच्या कोपऱ्यांत, डोलकाठीच्या बुंध्याशी, खिडक्यांच्या खाली, जेथे पावसाचे पाणी झिरपते आणि वारा पोचत नाही. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो. त्याचे बाहेरचे भोक टाचणीच्या टोकाएवढे, आत मात्र बोटभर जाडीचे बोगदे असू शकतात. रंगाच्या ताज्या थराखाली असे भोक सहज लपते. ज्या होडीचा तळ विक्रीच्या आदल्या आठवड्यात रंगवला असेल, त्या होडीकडे दुप्पट संशयाने पाहावे, असे आमचे मत आहे.

त्यानंतर खिळे व बोल्ट. लोखंडी खिळा गंजला की फुगतो, भोवतालचे लाकूड काळे पडून मऊ होते आणि खिळ्याची पकड सुटते. फळीच्या बाहेरून एका ओळीत तांबूस ओघळ दिसत असतील तर ते खिळ्यांचे रडणे समजावे. कण्याखालचे वजन ज्या जाड बोल्टांनी धरलेले असते त्यांचे डोके चांगले दिसले म्हणून फसू नये. बोल्ट झिजतो तो मध्यावर, लाकूड आणि लोखंड यांच्या सांध्यात. होडी पाण्याबाहेर काढून एखाद-दुसरा बोल्ट ओढून पाहावा, एवढाच खात्रीचा उपाय आहे. मालक त्याला तयार नसेल तर ते बोल्ट बदलावे लागणार, असे गृहीत धरून किंमत ठरवावी. सुहैलीच्याही अलीकडच्या पुनरुज्जीवनात जुने लोखंडी खिळे काढून त्यांच्या जागी काशाचे घालावे लागले.

या विषयावरील ग्रंथ मराठीत आणताना शब्दांची अडचण पडते, असे पुष्कळदा ऐकू येते. ती खरी नाही. ज्याला आपण येथे ‘कणा’ म्हणत आहोत त्याला कोकणातील सुतार ‘पठाण’ म्हणतात. त्याला जोडलेल्या बरगड्या म्हणजे ‘वांक’. होडी स्थिर राहावी म्हणून तळाशी घालावयाचे वजन ते ‘निरम’. शब्द आहेत, पुस्तके लिहिणारे बंदरावर जात नाहीत, एवढेच. पुढे आपणही निरम हाच शब्द वापरू.

आता लाकडी होड्या थोड्या राहिल्या. वापरलेली म्हणून जी होडी आज विक्रीस येते ती बहुधा फायबरग्लासची असते. भारतीय सेनेच्या अभियंता दलाची ‘तृष्णा’ हे तिचे आपल्या परिचयाचे उदाहरण. सदतीस फुटांची ही होडी फिनलंडमध्ये बांधलेली आणि आधी इतरांनी वापरलेली होती. दलाने ती इंग्लंडमध्ये घेतली. २८ सप्टेंबर १९८५ रोजी मुंबईहून निघून १० जानेवारी १९८७ रोजी ती पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईस परतली. फायबरग्लास कुजत नाही, किडा त्याला खात नाही, म्हणून ते अमर आहे अशी एक समजूत पसरली आहे. वस्तुतः त्यालाही त्याचे रोग आहेत. कवचात पाणी मुरले म्हणजे पाण्याखालच्या भागावर फोड येतात. फोड फोडला असता आतून आंबूस वासाचा चिकट द्रव येतो. फोडांनी होडी सहसा बुडत नाही. त्यांना भिऊन चांगली होडी सोडणारे आणि खरा दोष न पाहता केवळ फोड मोजीत बसणारे, असे दोन्ही प्रकारचे गिऱ्हाईक आढळतात.

खरा दोष असतो तो डेकमध्ये आणि सांध्यांमध्ये. डेक हलके व ताठ व्हावे म्हणून फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये हलक्या लाकडाचा थर घालतात. कठडे, कप्प्या, खुंटे हे सारे बोल्टांनी डेकवर बसवलेले असते, आणि प्रत्येक बोल्टाचे भोक ही पाण्याला आत जाण्याची वाट असते. आतले लाकूड भिजून लगदा झाले की वरचा थर पूर्ववत चकचकीत राहतो, परंतु पायाखाली दबतो. हातोडीच्या मुठीने सर्व डेक हळूहळू ठोकीत जावे. निरोगी जागी आवाज टणक येतो, रोगट जागी बोदा. फळीवर पेर आपटणारा रामघाटावरचा मल्लाह हेच करीत असतो. मग आत जाऊन आडव्या भिंती कवचाला जेथे चिकटवल्या आहेत तेथे चीर किंवा सुटलेली पट्टी आहे काय ते पाहावे. आणि कवच व डेक जेथे एकमेकांवर बसतात त्या सबंध कडेने, कपाटे रिकामी करून, पाणी गळल्याच्या खुणा शोधाव्यात.

या कडेचे महत्त्व कळण्यासाठी पुन्हा सुहैलीकडे जाऊ. सप्टेंबर १९६८ मध्ये दक्षिण महासागरातील पहिल्याच मोठ्या वादळात लाटेने तिला आडवी पाडली. निरमाने तिला पुन्हा उभे केले. परंतु खोलीचे छप्पर जेथे डेकला जोडलेले होते तेथे चोहोबाजूंनी चिरा गेल्या. दुसरी तशीच लाट आली असती आणि छप्पर उखडले असते तर होडीत मोठे भगदाड पडले असते. वाऱ्यावर होडी आपोआप वळवणारे यंत्र त्याच वेळी दुखावले व पुढे ऑस्ट्रेलियाजवळ निकामी झाले. पिण्याच्या पाण्याच्या टाक्याही नासल्या. तेव्हा होडी पाहावयास गेल्यावर ती सरळ उभी आहे अशीच कल्पना करून चालणार नाही. ती आडवी झाली आहे, शिडे पाण्याला टेकली आहेत, असे समजावे. आता दार कोणत्या बाजूने उघडते? झाकण बाहेरून आणि आतूनही लावता येते काय? खिडक्यांची काच किती मोठी व किती जाड आहे? शेगडी, बॅटरी, नांगर आपापल्या जागी राहतील काय? पिछाडीच्या ज्या खोलगट जागेत बसून सुकाणू धरावयाचे ती पाण्याने भरली तर तिचे पाणी वाहून जाण्यास भोके किती मोठी आहेत? नळाएवढ्या दोन भोकांतून ते पाणी जाईतो दुसरी लाट येते.

ऑगस्ट १९७९ मधील फास्टनेट शर्यतीत ३०३ होड्यांनी भाग घेतला. वादळात पंधरा स्पर्धकांचा मृत्यू झाला आणि चोवीस होड्या खलाशांनी सोडून दिल्या. या चोवीसांपैकी बुडाल्या पाचच. उरलेल्या एकोणीस पुढे तरंगताना सापडल्या. त्यानंतर होडीच्या स्थैर्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. रुंद, हलक्या आणि थोड्या निरमाच्या होड्या उलटल्या असता उलट्याच राहू पाहतात, हे त्यातून पुढे आले. बंदरात प्रशस्त वाटणारी रुंद खोली समुद्रात नडते ती अशी.

डोलकाठी पडली म्हणजे प्रवासही पडला. तिला धरणाऱ्या पोलादी तारा न गंजणाऱ्या असतात असे आपण म्हणतो; परंतु जेथे तार टोकाच्या डोळ्यात दाबून बसवलेली असते तेथे मीठ साचून ती आतल्या आत खाल्ली जाते. एक जरी धागा तुटलेला दिसला तरी सर्व तारा बदलाव्यात. दहा-पंधरा वर्षांच्या तारा तर न तुटताही बदलाव्यात. तारांचे खालचे टोक ज्या पट्ट्यांनी होडीच्या अंगाला धरलेले असते त्या पट्ट्या डेकमधून आत जातात, आणि त्यांचा डेकमध्ये दडलेला इंचभर भागच झिजतो. येथेही सांधाच.

इतके करूनही समुद्र हमी देत नाही. अभिलाष टॉमी या भारतीय नौदलाच्या अधिकाऱ्याची ‘तुरीया’ ही सुहैलीच्याच आराखड्यावरून गोव्यात २०१७ साली बांधलेली नवी होडी. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ती उलटली, तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमीच्या पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्याला सोडवले. २०२२ मध्ये तो त्याच शर्यतीत पुन्हा उतरला तो छत्तीस फुटी, वापरलेली फायबरग्लासची होडी घेऊन. तिचे बरेचसे भाग त्याने नव्याने बांधून व बदलून घेतले होते. एप्रिल २०२३ मध्ये तो दुसरा आला. या शर्यतीच्या नियमांतच अशी अट आहे की होडीचा आराखडा १९८८ पूर्वीचा, कणा लांब आणि सुकाणू कण्याच्या मागच्या कडेला जोडलेले असावे. सुकाणू मोकळे लोंबत असेल तर होडी चपळ वळते, पण तरंगत्या ओंडक्याचा पहिला तडाखा त्यालाच बसतो. सुकाणू दोन्ही हातांनी धरून जोराने हलवून पाहावे. खडखड ऐकू आली तर बैठका झिजल्या आहेत.

कवचाला भोके पाडून बसवलेल्या सर्व तोट्या बंद-चालू करून पाहाव्यात. साध्या पितळेतील जस्त खाऱ्या पाण्यात निघून जाते आणि गुलाबीसर ठिसूळ धातू उरतो. अशी तोटी हाताने मोडते. प्रत्येक तोटीशेजारी तिच्या मापाची लाकडी गुडदी दोरीने बांधून ठेवण्याची जुनी रीत आहे. ती बांधलेली आढळली तर मालक सावध माणूस होता असे समजावे. इंजिनाविषयी विकणारे सर्वांत अधिक बोलतात. ते थंड असताना सुरू होते काय आणि धूर कसा निघतो, एवढे पाहून पुढे जावे. ते बदलता येते. शिडेही बदलता येतात.

व्यवहार ठरवण्यापूर्वी तज्ज्ञ परीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी, आणि त्याची नेमणूक व त्याचे पैसे आपण द्यावेत. विकणाऱ्याने दाखवलेला जुना अहवाल वाचावा, पण त्यावर विसंबू नये. दुरुस्तीचा खर्च होडीच्या किमतीइतकाच झाल्याची उदाहरणे नित्याची आहेत. स्वस्त होडी घेऊन सारा पैसा तारा, तोट्या व बोल्ट यांवर घालणे हे महाग होडी घेऊन ती तशीच समुद्रात नेण्यापेक्षा शहाणपणाचे, असे आम्हास वाटते. मात्र कवच आणि कणा यांच्या सांध्यात दोष निघाला तर हा हिशेब लागू पडत नाही.

अखेरची परीक्षा पाण्यावरच होते, आणि तिच्यासाठी शांत सकाळ निवडू नये. वारा चांगला वाहत असेल अशा दिवशी, मालकाला बरोबर घेऊन, वाऱ्याच्या तोंडाशी दोन-तीन तास होडी चालवावी. तिला कलू द्यावे. त्या वेळी वाऱ्याच्या आडोशाच्या तारा किती ढिल्या पडतात, आतल्या कपाटांची दारे घासू लागतात काय, भिंतींतून करकर ऐकू येते काय, याकडे एकाने आत बसून लक्ष द्यावे. निघण्यापूर्वी होडीचे पोट फडक्याने कोरडे पुसलेले असावे. परत आल्यावर, शिडे उतरवण्याच्या आधी, खाली जाऊन फळकुट उचलावे, तेथे पाणी आहे काय ते पाहावे, आणि असल्यास बोट बुडवून चाखावे: गोडे असेल तर ते डेकवरून किंवा टाकीतून आले, खारे असेल तर ते कोठून आले हे सापडेपर्यंत पैसे देऊ नयेत.